व्यायामाला खाडा पडणारच, मग सातत्य म्हणायचं कशाला?

जून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातल्या लोकांच्या शारीरिक हालचालीचा हिशोब छापून आला. भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, असा त्यात २०२२ सालचा अंदाज होता. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२. दोन दिवस बातम्या झाल्या आणि सकाळी चालण्याचे फायदे सांगणारे मेसेज घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरले.

पण फायदे आता कोणाला माहीत नाहीत? रक्तदाबाची गोळी सुरू झालेल्या प्रत्येकाला डॉक्टरांनी ‘रोज चालत जा’ असं सांगितलेलं असतंच. सुरुवातही बहुतेक जण करतात, आणि एकदा नाही, अनेकदा करतात. जानेवारीत जिमची फी भरली जाते, रथसप्तमीला सूर्यनमस्कार सुरू होतात, कुणी पन्नाशीच्या वाढदिवसाला नवे बूट आणतं. चार-सहा आठवडे छान जातात. मग घरात लग्न निघतं, नाहीतर मुलाला ताप येतो, व्यायामाला खाडा पडतो. एका दिवसाचे चार होतात, चाराचे पंधरा, आणि मग ‘आपल्याला जमत नाही’ हे पक्कं होऊन जातं.

मला वाटतं, आपण चुकीची गोष्ट मोजतो. किती दिवस सलग झाले हे मोजतो, आणि ती साखळी तुटली की सगळं संपलं असं धरून चालतो. व्यायाम वर्षानुवर्षं टिकवणाऱ्यांचेही खाडे होतात. फरक असतो तो खाडा किती लवकर भरून निघतो यात. शरीराचं आणि सवयीचं शास्त्र या बाबतीत काय सांगतं, ते नीट पाहू.

मुळात किती व्यायाम लागतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हवा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस. शिवाय आठवड्यातून किमान दोनदा मोठ्या स्नायूंना ताकद लावावी लागेल असं काहीतरी हवं. बैठका, जोर, वजनं, जड रबरी पट्टे, काहीही चालेल.

मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना सोबतच्या माणसाशी बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम. चार-पाच शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतंय, तो जोरकस.

या सूचनांमधल्या दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. हिशोब आठवड्याचा आहे, दिवसाचा नाही, त्यामुळे मंगळवार बुडाला तर आठवडा बुडत नाही. दुसरं म्हणजे, पूर्वी ‘सलग दहा मिनिटं तरी हवीत’ अशी अट होती, ती २०२० मध्ये काढून टाकली. तीन मजले जिने चढून गेलात तरी ते धरलं जातं. सूचनेत स्पष्ट म्हटलंय की अजिबात नसण्यापेक्षा थोडी हालचाल केव्हाही चांगली.

मग सगळं रविवारी उरकलं तर?

हृदयाच्या दृष्टीनं पाहिलं तर चालू शकतं. आठवड्याची मिनिटं एक-दोन दिवसांत भरून काढणाऱ्यांनाही हृदयविकाराचा धोका कमी झाल्याचा फायदा साधारण तेवढाच मिळतो, असं ब्रिटनमधल्या मोठ्या पाहण्यांमध्ये आढळलंय. ज्यांना सोमवार ते शनिवार लोकल आणि ऑफिसमधून डोकं वर काढता येत नाही, त्यांनी रविवारचा मोठा व्यायाम कमी लेखू नये.

पण साखरेचा मामला वेगळा. व्यायाम केला की स्नायू रक्तातली साखर जास्त सहजपणे ओढून घेऊ लागतात, म्हणजे तेवढ्याच इन्सुलिनमध्ये जास्त काम होतं. हा परिणाम साधारण एक ते दोन दिवस राहतो आणि मग ओसरतो. म्हणूनच मधुमेह असलेल्यांनी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये, अशी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची शिफारस आहे. भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिला होता. आपल्याकडे कितीतरी घरांत या आजाराचं कोणी ना कोणी आहे. त्यांच्यासाठी ‘दोन दिवसांच्या पुढे खाडा नको’ हे वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवण्यासारखं आहे. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर व्यायामाच्या वेळेबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावं आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते.

रक्तदाबाचंही काहीसं असंच. एकदा नीट व्यायाम झाला की पुढचे बरेच तास तो थोडा खाली राहतो. म्हणजे आजच्या चालण्याचा काही भाग आजच वसूल होतो. वजनकाटा हलायची वाट पाहावी लागत नाही.

खाडा पडला तर कमावलेलं सगळं जातं का?

ही भीती फार खोलवर बसलेली असते, आणि तिच्यामुळेच लोक परत येत नाहीत. ‘आता पहिल्यापासून सुरू करावं लागणार’ या विचारानंच हातपाय गळतात. म्हणून हा भाग जरा सविस्तर पाहू.

दमाची क्षमता आधी. जोरात व्यायाम करताना शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, याचं एक माप असतं. धावणाऱ्यांच्या घड्याळात ते व्हीओटू मॅक्स या नावानं दिसतं. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, चांगला सराव असलेल्या खेळाडूंनी व्यायाम पूर्ण बंद केला. पहिल्या तीन आठवड्यांत हे माप ७ टक्क्यांनी घसरलं. साधारण आठ आठवड्यांनी घसरण १६ टक्क्यांवर येऊन थांबली, आणि तेव्हाही ते कधीच व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा वरच होते. सुरुवातीची घसरण होते ती मुख्यतः रक्ताचं एकूण प्रमाण कमी झाल्यामुळे. सराव सुरू झाला की ते लवकर भरून येतं. आठवडाभर गावाला जाऊन आल्यावर पहिल्या दिवशी धाप लागते त्यामागे हे मोठं कारण आहे. ते पाहून ‘स्टॅमिना संपला’ असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल.

ताकद त्याहून चिवट असते. तीन-चार आठवडे काहीच केलं नाही तरी ती फारशी उतरत नाही. स्नायू आकारानं थोडे लहान दिसू लागतात, पण त्यात पाणी आणि साठवलेली साखर कमी होण्याचाही वाटा असतो. शिवाय एकदा कमावलेला स्नायू दुसऱ्यांदा कमवायला कमी वेळ लागतो. उंदरांवरच्या प्रयोगांत याचं एक कारण दिसलं. स्नायू वाढताना त्याच्या पेशींमध्ये जी जादा केंद्रकं तयार होतात, ती स्नायू रोडावल्यावरही बराच काळ टिकून राहतात. नवा स्नायू बांधण्याची यंत्रणा जणू जागीच असते.

गावाकडे विहीर पाहिली असेल तर हे चटकन लक्षात येईल. वर्षभर उपसा झाला नाही की विहिरीत गाळ साठतो, पाणी कमी होतं, कडेला झुडपं उगवतात. पण म्हणून कोणी नवी विहीर खणायला घेत नाही. गाळ काढतात. खणायला सगळा उन्हाळा गेला असेल, पण गाळ काढायला चार-आठ दिवस पुरतात, कारण झरे तिथेच असतात. खाड्यानंतरचं शरीर असं असतं.

यातली माझ्या मते सगळ्यात उपयोगी माहिती पुढे आहे. कमवायला जेवढं लागतं, टिकवायला त्याहून खूप कमी लागतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत आठवड्याला सहा दिवस सराव करणाऱ्यांनी तो दोन दिवसांवर आणला. जोर मात्र पूर्वीइतकाच ठेवला. पंधरा आठवड्यांनंतरही त्यांची दमाची क्षमता टिकून होती. ताकदीच्या व्यायामाबद्दल २०११ चा एक अभ्यास आहे. त्यात चार महिने वजनांचा सराव झाल्यावर तरुणांनी व्यायाम एक-नवमांश केला, तरी पुढचे आठ महिने त्यांचे स्नायू टिकले. साठीच्या पुढच्यांची ताकद बरीचशी राहिली, पण स्नायूंचा आकार राखायला त्यांना याहून जास्त करावं लागलं असतं.

म्हणजे ज्या महिन्यात काही केल्या जमत नाही, त्या महिन्यात बंद करायचं नाही, कमी करायचं. आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं, पण मनापासून आणि घाम येईल अशी. एवढ्यानं दोन-तीन महिने निभावून नेता येतात.

२१ दिवसांत सवय लागते, हे खरं का?

नाही. या आकड्याचं मूळ १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या एका प्लास्टिक सर्जननं लिहिलेल्या निरीक्षणात सापडतं. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपला वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं ते होतं. पुढे ‘किमान’ गळून पडलं, रुग्ण गळून पडले, आणि प्रत्येक सवयीला २१ दिवस असा नियम तयार झाला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. सवय म्हणजे विचार न करता आपसूक घडणारी गोष्ट, असा अर्थ त्यांनी घेतला. आपोआपपणा स्थिरावायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कोणाला १८, तर कोणाला २५४ असा अंदाज निघाला. जेवणाबरोबर पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. २०२३ च्या आणखी एका अभ्यासात जिममध्ये येण्या-जाण्याच्या आणि दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांच्या हात धुण्याच्या लाखो नोंदी तपासल्या गेल्या. दवाखान्यात हात धुण्याची सवय काही आठवड्यांत लागते, जिमला जायची सवय लागायला मात्र महिने जातात, असं त्यातून पुढं आलं.

बाविसाव्या दिवशीही अंथरुणातून उठवत नसेल, तर तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका. तो काळच तेवढा असतो.

लंडनच्या त्या अभ्यासातली आणखी एक नोंद मला ६६ च्या आकड्याहून मोलाची वाटते. मधे एखादा दिवस चुकला तर सवय तयार होण्याच्या प्रक्रियेवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. सवयीलाही एक खाडा चालतो.

‘माझ्यात इच्छाशक्तीच नाही हो’

हे वाक्य मी शेजारणींकडून, नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकलंय, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण त्यात उगाच स्वतःला दोष दिलेला असतो.

२००२ साली ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. पुढच्या आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटं जोरकस व्यायाम करायचा, एवढंच काम. एका गटाला काहीच विशेष सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायामानं हृदयविकार कसा टळतो हे वाचायला दिलं. तिसऱ्याला तेच वाचायला दिलं, शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार हे लिहून द्यायला सांगितलं. पहिल्या गटात ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्यात ३५ टक्क्यांनी, म्हणजे फायदे वाचून काही फरक पडला नाही. तिसऱ्या गटात ९१ टक्क्यांनी केला.

इच्छा तिन्ही गटांत होती. तिसऱ्या गटाला ऐनवेळी ठरवायचं काही उरलं नव्हतं, एवढाच फरक. मानसशास्त्रात अशा आखणीला जर-तर योजना म्हणता येईल: अमुक झालं की तमुक करायचं. ‘उद्यापासून चालायचं’ ही योजना नव्हे. ‘मुलांची रिक्षा गेली की घरात न शिरता तसंच मैदानाकडे वळायचं’ ही योजना. आपल्याकडे अनेक गावांत नळाला पाणी यायची वेळ ठरलेली असते आणि अख्खी सकाळ तिच्याभोवती फिरते. माझ्या ओळखीच्या एक बाई साताऱ्याकडच्या. त्यांच्याकडे पाणी पहाटे येतं. भांडी भरेपर्यंत त्या नळापाशी ताटकळत उभ्या राहायच्या. आता पिंप भरायला लावला की ओट्याला हात टेकून बैठका, कळशीच्या वेळी भिंतीला हात लावून जोर. पाणी गेलं की व्यायाम संपला. पाणी येणार हे ठरलेलं, म्हणून व्यायामही ठरलेला. इच्छाशक्तीचा त्यात संबंधच येत नाही.

आणखी एक बारकावा. सवय लागायला हवी ती व्यायाम सुरू करण्याची. आत काय करायचं ते रोज बदललं तरी चालतं. व्यायाम किती वेळा होतो हे ‘सुरू करण्याच्या सवयी’वर ठरतं, ठरावीक प्रकार यंत्रवत करण्यावर नाही, असं संशोधनात दिसलंय. त्यामुळे ज्या दिवशी अंगात जीव नाही त्या दिवशीही कपडे बदलून जागेवर पोहोचावं, पाच मिनिटं हातपाय हलवावेत आणि वाटलं तर परत यावं. ती पाच मिनिटं शरीरासाठी किरकोळ असतील, सवयीसाठी पूर्ण दिवस भरतो.

कोल्हापूरच्या तालमींकडे या नजरेनं पाहिलं की बरंच कळतं. पहाटे सगळे उठतात, लाल माती खणून तयार असते, शेजारचा जोर मारत असतो आणि वस्ताद बघत असतात. तिथे राहणाऱ्या पोराला ‘आज जाऊ की नको’ हा प्रश्न पडायला जागाच नसते. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांचंही तेच. एरवी जिना चढायचा कंटाळा करणारी नोकरदार मुलं-मुली गणपतीच्या आधीचे कितीतरी आठवडे संध्याकाळी नदीपात्रात जड ढोल कमरेला बांधून उभी असतात. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, नाही आलात तर विचारणारी माणसं. चालायला एकट्यानं जाण्याऐवजी एक माणूस बरोबर घ्या, आणि शक्यतो असा घ्या की जो तुम्ही खाली आला नाहीत तर फोन करेल.

वर्षाची फी भरून टाकली की जावंच लागेल ना?

अमेरिकेतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जिमच्या सभासदांचा हिशोब तपासला होता, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळा जात होते. एका खेपेला त्यांना १७ डॉलरहून जास्त पडत होते, आणि त्याच ठिकाणी दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला १० डॉलर लागले असते. पैसे भरताना आपण उद्याच्या स्वतःवर जरा जास्तच विश्वास टाकतो. ‘वर्षाचे घ्या, तीन महिने फुकट’ अशी पाटी दिसली तरी आधी एक महिन्याचे भरावेत. घराजवळ किंवा स्टेशनच्या वाटेवर असलेली साधी जिम, दूरच्या वातानुकूलित जिमपेक्षा जास्त वापरली जाते.

ठरलेली वेळ चुकली की दिवस गेला?

आता थोडं उलट बोलणारं संशोधन. वेळ पक्की ठेवा असं मी वर सांगितलं. गूगल कंपनीतल्या सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात काहींना ठरलेल्या वेळीच जिमला गेल्याबद्दल पैसे दिले, काहींना कोणत्याही वेळी गेल्याबद्दल. पैसे थांबल्यावर दुसरा गट जास्त जात राहिला. पहिल्या गटाला त्या वेळेची सवय लागली खरी, पण ती वेळ हुकली की ते त्या दिवशी जातच नसत.

म्हणून वेळ एक ठेवावी, पण तिच्या पाठीशी दुसरी, राखीव वेळ आधीच ठरलेली असावी. सकाळी सहा हुकले तर रात्री जेवणाआधी सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटं. हेही लिहूनच ठेवायचं, कारण ऐनवेळी सुचत नाही.

२०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला एक प्रचंड प्रयोग या लेखाच्या गाभ्याशी जाऊन भिडतो. अमेरिकेतल्या एका जिम साखळीच्या ६१ हजारांहून जास्त सभासदांवर ५४ वेगवेगळ्या युक्त्या चार आठवडे करून पाहिल्या. आठवण करून देणारे संदेश, बक्षिसं, गुण, कितीतरी प्रकार. सगळ्यांत वरचढ ठरली ती एक अगदी किरकोळ युक्ती: खाडा पडल्यानंतर परत येणाऱ्याला थोडे जादा गुण, म्हणजे काही सेंट. न चुकणाऱ्याला नव्हे, चुकून परत येणाऱ्याला बक्षीस. मात्र चार आठवडे संपल्यावर, या ५४ पैकी फक्त ८ टक्के युक्त्यांचा मोजता येईल असा परिणाम उरला. बाहेरची बक्षिसं थांबली की माणसंही थांबतात, हे लक्षात ठेवून परतण्याची सोय आपली आपणच करावी लागते.

घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे लिहितोच. त्याच कॅलेंडरवर व्यायामासाठी एक गोष्ट करून पाहा. चुकलेल्या दिवसावर फुली मारू नका. खंडानंतर ज्या दिवशी परत सुरू केलं, त्या तारखेभोवती गोल काढा. महिन्याच्या शेवटी गोल मोजा आणि दोन व्यायामांमधलं सगळ्यात मोठं अंतर बघा. मागच्या महिन्यात नऊ दिवस होतं आणि या महिन्यात चार झालं, तर प्रगती झाली. मोबाइलमधली ‘सलग दिवसां’ची मोजणी मला म्हणूनच आवडत नाही. एका तापानं ती शून्यावर येते, आणि शून्य बघितलं की माणूस ‘आता राहू दे’ म्हणतो.

घरकामात होतोच की व्यायाम

काही प्रमाणात होतो, आणि तो धरलाही जातो. सुरुवातीला सांगितलेल्या ५७ टक्क्यांच्या आकड्यात घरातली आणि कामावरची मेहनत धरूनच हिशोब आहे. लादी पुसणं, पाणी वाहणं, शेतातली खुरपणी यात श्वास वाढतो. गॅससमोर तासभर उभं राहण्यात दमणूक होते, पण हृदयाला आणि स्नायूंना जे काम हवं ते होत नाही. दिवसभर राबूनही बाईचे गुडघे, पाठ आणि हाडं बळकट होत नाहीत, याचं कारण बहुतेक कामं तीच ती, वाकून करायची असतात आणि मोठ्या स्नायूंवर चढता भार येत नाही. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम स्त्रियांसाठी, विशेषतः पाळी जाण्याच्या वयात, औषधाइतका गरजेचा आहे. त्यासाठी घरातल्यांनी वीस मिनिटं ओटा सांभाळला पाहिजे. सातत्य हा प्रश्न निम्म्या घरांत शिस्तीचा नसून कामाच्या वाटणीचा आहे.

दोन महिने झाले, काटा हलत नाही

फक्त व्यायामानं वजन थोडंच उतरतं. वजन मुख्यतः ताटावर अवलंबून असतं. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते तीसुद्धा मेंदू आणि नसा स्नायूंना अधिक चांगलं कामाला लावू लागतात म्हणून. स्नायू आरशात दिसायला त्यानंतरचे आठवडे लागतात. त्यामुळे काट्याऐवजी दुसरं काही मोजावं: एका दमात किती जिने चढता, खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता, झोप कशी लागते, जेवणानंतरची साखर किती येते.

वर्षातले खाडे आधीच माहीत असतात

खाडे अचानक पडतात असं आपण म्हणतो, पण बहुतेकांच्या तारखा आधीपासून ठरलेल्या असतात. विदर्भात मे महिन्यात सकाळी आठनंतर बाहेर पाऊल टाकवत नाही. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर मैदानं चिखलात. गौरी-गणपती, दिवाळीचा फराळ, लग्नसराई, मार्च अखेरचं ऑफिस, घरातली दहावी, शेतकऱ्याची सुगी. जानेवारीतच कॅलेंडरवर या काळांवर रेघ मारावी आणि तिथे ‘टिकवण्यापुरतं’ असं लिहावं, म्हणजे आठवड्यातून दोनदा, घरातल्या घरात. मग तो काळ हरल्यासारखा जात नाही, ठरल्याप्रमाणे जातो.

मोठा खाडा पडल्यावर सुरुवात कुठून करायची?

इथे बहुतेकांचा घात उत्साहानं होतो. महिन्यानं परतलेला माणूस जुन्या आकड्यांनी सुरू करतो, किंवा रथसप्तमीला एकदम १०८ सूर्यनमस्कार घालतो. सवय नसलेला भार पडला की स्नायूंचं दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचतं, म्हणजे खरी कळ दुसऱ्या दिवशी सकाळी येते. जिना उतरताना रडू येतं आणि दुसरा खाडा पहिल्याच्या पाठीला लागून येतो.

दोन-तीन आठवड्यांचा खंड असेल तर पहिल्या आठवड्यात निम्मं करावं: निम्मं वजन, निम्मा वेळ. दुसऱ्या आठवड्यात पाऊण. तिसऱ्यात बहुतेक जण जुन्या जागी येतात. व्यायाम संपवताना ‘अजून जमलं असतं’ असं वाटलं पाहिजे. ताप असेल तर अजिबात व्यायाम करू नये. तो उतरून एक-दोन दिवस गेल्यावर आधी चालणं, मग बाकीचं. डेंगी, न्यूमोनिया किंवा शस्त्रक्रियेनंतर केव्हा सुरू करायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं. चालताना छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे सरकणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काहीही जाणवलं तर तिथेच थांबून लगेच दवाखाना गाठायचा. हा खाडा जरूर पडू द्यावा.